बिनकुडीचं यंत्र आणि एलिया त्रिभुवन

लीना पाठकनं एलिया त्रिभुवनांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हा माणूस कमीत कमी अठरा फूट लांब असावा अशी तिची खात्री झाली. तिचा त्यात दोष नव्हता. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात, संगणक विभागात रुजू व्हायला ती आली, तर खोलीत चिटपाखरू नव्हतं. होते ते फक्त दोन पाय. टेबलाखालून बाहेर आलेले, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगाळलेल्या टाचांचे, अंगठे छताकडे करून निवांत पडलेले.

"कुणी आहे का?" तिनं घाबरत विचारलं.

उत्तर टेबलाखालून आलं नाही. ते दोन कपाटं आणि एक भिंत ओलांडून, पलीकडच्या स्टोअररूममधून, आडात तोंड घालून बोलावं तसं घुमत आलं. "या ताई, बसा. पन त्या निळ्या खुर्चीवर नको. तिचा एक पाय लटका हाय."

लीनानं पायांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. पाय इथे, तोंड तिथे. मग मधला माणूस किती? ती हा हिशेब करत असतानाच पाय हलले, पायांमागून खाकी पॅन्ट आली, पॅन्टीमागून स्वेटर आला, आणि सगळ्यात शेवटी जळमटांनी माखलेलं एक डोकं भिंतीच्या भोकातून सुटून बाहेर आलं. उभा राहिल्यावर तो माणूस जेमतेम पाच फूट दोन इंच भरला. भिंतीच्या तळाशी वायरी नेण्यासाठी मांजर जाईल एवढं एक भोक होतं, त्यात डोकं घालून तो पलीकडच्या वायरी वाचत होता.

"वाचत होतात?" लीनानं विचारलं.

"तर! चिठ्ठ्या हायेत त्यांना," तो म्हणाला आणि कानामागची पेन्सिल जागेवर आहे ना ते चाचपलं.

होत्याच चिठ्ठ्या. कारखान्यातल्या एकूण एक वायरीच्या गळ्यात एलियाकाकांनी चिठ्ठी बांधलेली होती, आणि चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या होत्या. कारखान्याचे सभासद हजारो, आणि प्रत्येकाच्या घरचं लग्न उसाच्या वजनकाट्यावरच्या माणसाला सांगायचं असतंच. काका लग्नाला जाऊन जेवून येत आणि आल्यावर पत्रिकेचे बारा तुकडे करत. त्यामुळे शेतकी खात्याची वायर एका बाजूनं 'शेतकी, दुसरा मजला' होती, तर दुसऱ्या बाजूनं 'चि. सौ. कां.' होती. हिशेब खात्याकडे जाणाऱ्या वायरीवर 'आहेर आणू नये' असं छापलेलं होतं, ते मात्र काकांनी मुद्दाम निवडलं असावं असा लीनाला संशय होता.

कारखान्यात या विभागाला सगळे 'ईडीपी' म्हणतात. त्या अक्षरांचा अर्थ कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारलाही नाही. एलियाकाकांच्या नेमणूकपत्रावर मात्र आजही 'काटा कारकून' असंच आहे. ते नोकरी वर्षांत मोजत नसत, हंगामांत मोजत. चौतीस हंगाम झाले होते. पहिल्या हंगामात उसाच्या गाडीचं वजन दांडीवर लोखंडी वजनं सरकवून व्हायचं, मग आकडे दाखवणारी पेटी आली, मग संगणक आला. संगणक आला तेव्हा बाकीचे कारकून त्याला घाबरून लांब सरकले आणि एलियाकाका जिथे बसले होते तिथेच राहिले. तेवढ्यावरून ते संगणकातले जाणकार ठरले.

पण खरं शिक्षण त्यांना बापाकडून मिळालेलं. सॅम्युएल त्रिभुवन गोदावरीच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी किती तास पाणी, हे ठरवणारा आणि त्याप्रमाणे चाऱ्यांची दारं उघडणारा-मिटणारा माणूस. धाकटा एलिया मिशनच्या शाळेतून सुटला, की बापाबरोबर पाटाच्या भरावावरून चालायचा. पुढे कारखान्यात निळ्या-पिवळ्या वायरी आल्या, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ठरवलं, की हा पाटच आहे. मोठा पाट, त्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या, शेवटी कुणाचं तरी वावर. माहिती म्हणजे पाणी. त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी यात शब्दाचाही बदल केला नव्हता, आणि गंमत अशी, की बदल करायची वेळही आली नव्हती.

रविवारी ते गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भजनाला तबला वाजवत. नाताळात देवळावरची चांदणी त्यांच्याकडे असे. मेरीकाकू म्हणायच्या, "आमच्या ह्यांना माणसापेक्षा वायरीची भाषा लवकर कळते. मी सकाळपासून बोलते ते संध्याकाळी ऐकू येतं."

आता लीनाबद्दल. ती नगरची. आजोबा पौरोहित्य करायचे, वडील शाळेत हेडक्लार्क. तिनं पुण्याला संगणकाचं शिक्षण घेतलं, दोन वर्षं नोकरीही केली, आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर नगरच्या जवळपास मिळेल ती नोकरी शोधत या कारखान्यात आली. अकरा महिन्यांचं कंत्राट. ते नोव्हेंबरअखेर संपणार होतं, आणि पुढे वाढणार की नाही हे एका यंत्रावर अवलंबून होतं.

वजनकाट्याचा जुना संगणक वीस वर्षांचा झाला होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि त्यात कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेला काट्याचा प्रोग्राम. लिहिणारा माणूस कुठे गेला ते माहीत नव्हतं आणि तो प्रोग्राम नव्या कुठल्याच संगणकावर चालत नव्हता. लीनानं मे महिन्यात त्या संगणकाची हुबेहूब नक्कल काढून ऑफिसातल्या मोठ्या संगणकाच्या पोटात ठेवली. अशा नकलेला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला डबा नसतो, पंखा नसतो, बटण नसतं; एका संगणकाच्या आत दुसरा संगणक आपण खराच आहोत असं समजून काम करत राहतो. जुलैत एक दिवस जुन्या यंत्रातून धूर निघाला, पॉवरचा डबा जळाला आणि ते गेलं; पलीकडच्या स्टोअररूममध्ये होतं तिथेच पडून राहिलं. त्याच संध्याकाळी लीनानं नक्कल चालू केली. निळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं जसंच्या तसं.

एलियाकाका पडद्यापाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी कुडी गेली आन जीव ऱ्हायला."

तेव्हापासून कारखान्यात त्याला 'बिनकुडीचं यंत्र' हे नाव पडलं. एमडी साहेबांना मात्र ते पसंत नव्हतं. त्यांना दिसणारी वस्तू आवडे. "मॅडम," ते म्हणाले होते, "हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्या तुमच्या भुतानं दगा दिला आणि गव्हाण रिकामी पडली, तर ते भूतही जाईल आणि..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. एमडी लोक वाक्यं पुरी करत नाहीत. त्यासाठी त्यांच्या हाताखाली माणसं असतात.

हंगामाच्या शुभारंभाच्या आदल्या दिवशी वायरमन कानिफनाथ हातात झेंडूचा हार घेऊन ईडीपीत आला.

"म्याडम, उद्या सगळ्या यंत्रांची पूजा. काटा चालवनारं यंत्र कुठंय? हार घालायचाय."

लीनानं पडद्याकडे बोट दाखवलं. "ते वेगळं नाही दादा. या मोठ्या संगणकाच्या आत आहे."

"आत कुठं?"

"आत म्हणजे... दिसत नाही ते."

"मंग हार कशाला घालू?"

"नका घालू," लीना म्हणाली. तिला पन्नास कामं होती.

ज्याच्या हातात ताजा हार आहे अशा माणसाला 'नका घालू' म्हणू नये, हे पुण्याच्या कॉलेजात शिकवत नाहीत.  कानिफनाथ हार घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीत नेणाऱ्या पट्ट्यावर, उसाची मोळी पडली, नारळ फुटले, भोंगा झाला. उसाच्या गाड्या आदल्या दिवशीच आवारात येऊन थांबल्या होत्या. त्यांची वजनं करून ऊस गव्हाणीकडे सोडायला सुरुवात झाली. पहिल्या ट्रॅक्टरचं वजन झालं, चिठ्ठी छापून आली. लीनानं श्वास सोडला. दुसऱ्याची आली. तिसऱ्याची आलीच नाही.

काट्यावरून गोरक्षनाथ कारकुनाचा फोन आला. "म्याडम, चिठ्ठी!"

"आकडा पाठवलात?"

"दोनदा दाबलं. गेला म्हनतंय. तुमच्याकडं आला न्हाई का?"

नव्हता आला. चौथ्याचा आला. पाचव्याचा, सहाव्याचा नाही. सातव्याचा आला. मग एकदम चार नाहीत. साधा बिघाड असता तर लीना घाबरली नसती. जे मुळीच चालत नाही ते दुरुस्त करता येतं. जे मनात येईल तेव्हा चालतं, त्याच्यासमोर भल्याभल्यांची बुद्धी गुडघे टेकते.

हातानं चिठ्ठी लिहून गाडी सोडावी, तर तीही सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी हातचिठ्ठीवरून काट्यावर मारामारी झाली होती आणि वार्षिक सभेनं ठरावच केला होता, की छापील चिठ्ठीशिवाय एकही गाडी आत सुटणार नाही. बारा वाजेपर्यंत गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. एक ट्रॅक्टरवाला काट्याच्या खिडकीत डोकं घालून गोरक्षनाथला म्हणाला, "आमचा ऊस इथंच वाळवून सरपन करायचाय का? तसं सांगा, बायकोला चूल घेऊन बोलावतो!" गव्हाणीपाशी साधारण चार वाजेपर्यंत पुरेल एवढाच ऊस होता. त्यानंतर गिरणी थांबणार. हंगामाच्या पहिल्याच दिवशी.

एमडी साहेबांनी फोन केला नाही. त्यांचा शिपाई येऊन नुसतं बघून गेला. ते जास्त वाईट होतं.

लीनानं सुचेल ते केलं. बिनकुडीच्या यंत्राचं नेटवर्क कार्ड बदलून पाहिलं. ते थेट बाहेरच्या वायरीला जोडलेलं होतं, ते मोठ्या संगणकाच्या आडून जोडून पाहिलं, परत फिरवलं. संरक्षणाच्या भिंती, फायरवॉल म्हणतात त्या, पाडल्या. यंत्र तीनदा बंद करून चालू केलं. प्रत्येक वेळी पाच मिनिटं चालायचं, तिला आशा लागायची, आणि पुन्हा गप्प. एक वाजता तिच्या लक्षात आलं, की आपण अकरा गोष्टी बदलल्यात आणि कोणत्या अकरा ते आठवत नाही.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. एलियाकाका. सकाळपासून ते रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांची समजूत घालत होते. ईडीपीत ते नेहमी अनवाणी येत. देवळासारखं पवित्र वाटतं म्हणून नाही. चपलेखाली वायर आली तर कळत नाही म्हणून.

"ताई, जेवला का?"

"काका, जेवण कसलं! माझं आज संपलंच."

"कायबी संपत न्हाई. मेरीनं पिठलं दिलंय, त्यातलं दोन घास खा. आन मला सांगा, काय काय हलवलं?"

"अकरा गोष्टी. नाही, बारा. मला आठवत नाहीये, काका."

काकांनी डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि जमिनीवर मांडी घातली. "आमचे बा सांगायचे, पानी येत नसलं तर एका टायमाला एकच दार हलवायचं. हलवायचं, टेलाला, चारीच्या शेवटाला, जाऊन बघायचं, फरक न्हाई पडला तर जसं हुतं तसं मिटायचं, मग दुसरं. बारा दारं येकदम हलवली तर पानी येतंय का जातंय ते नदीला सुदिक कळत न्हाई. सकाळी हुतं तसं करता येतंय का?"

"येतं," लीना म्हणाली. "सकाळी सहाला मी त्याची स्थिती साठवून ठेवली होती. नोंदी वेगळ्या कप्प्यात आहेत, त्या जाणार नाहीत. बाकी सगळं सकाळी सहासारखं करता येतं."

एलियाकाकांची पेन्सिल कानामागून घसरली. "सकाळ परत आनता येती?"

"यंत्राची. हो."

"बाबौ."  चौतीस हंगामांतल्या कुठल्या सकाळी ते फिरून आले कोण जाणे. मग म्हणाले, "आना."

लीनानं सकाळ परत आणली. दहा मिनिटं यंत्र झकास चाललं, तीन चिठ्ठ्या छापल्या गेल्या, आणि पुन्हा गप्प.

"म्हंजी तुमच्या अकरा गोष्टींचा दोष न्हाई," काका समाधानानं म्हणाले. लीनाच्या छातीवरून त्या एका वाक्यानं पाटा उचलला गेला. "आता टेलापासनं चालू करू. गोरक्षनाथच्या संगनकावरनं तुमच्या यंत्राला हाळी द्यायला सांगा."

हाळी म्हणजे पिंग. एका संगणकानं दुसऱ्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर 'आहेस का रे?' अशी हाक मारायची आणि त्यानं 'आहे' म्हणायचं. गोरक्षनाथनं फोन कानाला ठेवून हाळी दिली. "व्हय, उत्तर येतंय. एकदम टकाटक."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी न्हाई."

लीनानं कपाळाला हात लावला. रस्ता चांगला होता, यंत्र जागं होतं, हाकेला ओ देत होतं, आणि काम करत नव्हतं. काकांनी डोळे मिटले. ते झोपले असं कुणालाही वाटलं असतं. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र बंद करा."

"काका, रांग..."

"बंद करा. पार बंद."

तिनं बिनकुडीचं यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला. आता जगात ते यंत्र कुठेच नव्हतं. डबा तर नव्हताच, आता जीवही नव्हता.

"गोरक्षनाथ," काकांनी फोन आपल्याकडे घेतला, "आता हाळी दे."

पलीकडे बटणं वाजली.  मग गोरक्षनाथचा आवाज आला, "देतंय की उत्तर. काय झालं?"

 तिनं पडद्याकडे पाहिलं. काळा. तिनं चालू यंत्रांची यादी पुन्हा तपासली. बंद. दिवसाढवळ्या, दीड वाजता, शंभर ट्रॅक्टरांच्या कोलाहलात, आपण स्वतःच्या हातानं बंद केलेलं यंत्र 'आहे, आहे, आहे' म्हणत होतं. पुण्यात चार वर्षं तिनं या शास्त्राची पुस्तकं वाचली होती, आणि या घडीला तिला त्यातलं काहीही आठवेना; आजोबांची रामरक्षा मात्र आठवली.

"काका... कोण बोलतंय हे?"

एलियाकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचेही डोळे मोठे झाले होते, पण भीतीनं नाही. देवळात लांबलचक प्रार्थनेत एखादा आवडता शब्द यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"एकदा आमच्या बांनी सात नंबरच्या चारीचं दार मिटलं," ते म्हणाले. "कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी टेलाला गेलो तर चारी वाहतीया. दार बंद आन चारीला पानी! लोक म्हनाले, भुताटकी. बा म्हनाले, भूत पानी कशाला पाजील, त्याला काय ऊस हाय? दार बंद असून पानी येतंय म्हंजी दुसरं दार उघडं हाय. आन ते कुठंय हे पाटाच्या कडेनं चालल्याबिगर कळत न्हाई." ते उठले. "गोरक्षनाथ, हाळी देत ऱ्हा. थांबली की वरड."

भिंतीवर एक पेटी होती. कारखान्यातल्या सगळ्या वायरी तिथे येत, त्याला स्विच म्हणतात, आणि प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा दिवा लुकलुकत असे. काकांनी पेटी उघडली आणि एकेक वायर काढून लगेच परत लावायला सुरुवात केली, प्रत्येकीची चिठ्ठी वाचत. "शेतकी... बोल गोरक्षनाथ, चालू? बरं. गोदाम... चालू? डिस्टिलरी... चालू?"

"चालू, चालू, चालू!"

तळाच्या रांगेत शेवटून दुसरा दिवा लुकलुकत होता. काकांचा हात तिथे गेला आणि थांबला. तिथली चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती. एका बाजूला 'शुभविवाह'. दुसऱ्या बाजूला 'जुना काटा. मयत.'

त्यांनी ती वायर ओढली.

"गेलं!" गोरक्षनाथ ओरडला. "थांबलं! ओ काका, उत्तर थांबलं!"

एलियाकाका वायरीचं टोक हातात धरून उभे राहिले. "ताई," ते ओशाळून म्हणाले, "ही जुलैमधीच काढायला पायजेल हुती. यंत्र गेलं तवा चिठ्ठी लिवली, पन वायर काढवंना. वीस वर्स सोबत काम केलं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या, काय खातीय का?"

भिंतीच्या तळच्या भोकातून ती वायर पलीकडच्या स्टोअरात जात होती. दोघं धावत पलीकडे गेले. लीनानं दार ढकललं.

स्टोअरच्या मध्यभागी एका टेबलावर पांढरी चादर होती, चादरीवर रांगोळी, रांगोळीपुढे विझत आलेली उदबत्ती. आणि मागे, झेंडूच्या हारात गळ्यापर्यंत बुडालेला, हळद-कुंकवानं माखलेला, पुसून लख्ख केलेला जुना काट्याचा संगणक. त्याचा पंखा घरघरत होता. कपाळावरचा दिवा हिरवा होता.

ट्यूबलाइट बदलायच्या निमित्तानं मागेमागे आलेला कानिफनाथ दारातच थबकला.

"कानिफ," काका म्हणाले, "हे काय?"

"हार कुठं घालायचा मंग?" कानिफनाथ काकुळतीला आला. "म्याडम म्हनल्या यंत्र दिसत न्हाई. न दिसनाऱ्याला हार घालायला मी काय साधू हाय? म्हनलं, त्याची कुडी तर हाय! धुतली-पुसली. दिवा लागंना, तर भंगारातल्या एका संगनकाचा पॉवरचा डबा काढून लावला. नुसता दिवा लागावा म्हनून, देवाशप्पत! आन वायरी लोंबत हुत्या, बरं दिसंना, म्हनून जितली तितं लावल्या."

"आणि ते सुरू कसं झालं?" लीनानं विचारलं. "इतके महिने बंद राहिल्यावर हे पडद्यावर अडून बसायला हवं होतं, बटण दाबा म्हणून."

कानिफनाथनं कीबोर्डकडे पाहिलं. प्रत्येक बटणावर कुंकवाचं एकेक बोट उमटलेलं होतं. "पूजा मनापासनं केली," तो म्हणाला.

आता लीनाला सगळं दिसायला लागलं. नक्कल हुबेहूब होती, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताही तोच होता. सकाळपासून कुडी आणि जीव दोन्ही एकाच पत्त्यावर बसले होते. काट्यावरून आकडा निघायचा. जो आधी 'ओ' देईल त्याच्याकडे जायचा. कधी जीवाकडे, कधी कुडीकडे. आणि ती जुनी प्रणाली इतकी भिडस्त, की माझ्या जागेवर दुसरा बसलाय अशी तक्रारही दोघांपैकी एकानं केली नाही.

"बंद करते हं," ती म्हणाली.

"न्हाई न्हाई!" कानिफनाथ आडवा आला. "पूजेतलं यंत्र संध्याकाळच्या आरतीआधी इझवत न्हाईत."

एलियाकाकांनी हात वर केला. "असू दे चालू. वायर काढलीय, आता त्याचं गावाशी बोलनं बंद. आतल्या आत बसू दे बापडं." मग म्हणाले, "ताई, ह्याला पडदा लावून बघता का? सकाळपासनं काय करत हुतं ते तरी बघू."

लीनानं शेजारच्या टेबलावरचा पडदा आणून जोडला. निळा उजेड झेंडूवर पडला. पांढरी अक्षरं उमटली, एका ओळीखाली एक. ट्रॅक्टरचा नंबर, वेळ, वजन. ट्रॅक्टरचा नंबर, वेळ, वजन. सकाळपासून हरवलेली प्रत्येक गाडी तिथे होती. एकूण एकोणीस. एक आकडा सुटलेला नव्हता, काट्यावरून आलेली एक वेळ चुकलेली नव्हती. चिठ्ठी छापायला त्याच्याजवळ प्रिंटर नव्हता, एवढीच काय ती त्याची अडचण. जुलैत जळालेलं, भंगारात ठेवलेलं, अडीच किलो धूळ खाल्लेलं ते यंत्र सकाळी कुणीतरी कपाळाला कुंकू लावून जागं केल्यावर, एकही प्रश्न न विचारता, जिथे काम सोडलं होतं तिथून पुढे कामाला लागलं होतं.

 कानिफनाथनं चपला काढल्या. काकांनी टोपी छातीशी धरली.

लीनाला वाटलं, आपण या यंत्राचा प्रत्येक तुकडा ओळखतो. आपणच त्याची नक्कल काढली, अक्षर न् अक्षर. तरीही तिचे डोळे भरून आले आणि तिला कारण सांगता येईना. शेजारी उभा असलेला पाच फूट दोन इंचांचा माणूस तिला पहिल्या दिवशी वाटला होता तेवढाच, अठरा फुटांचा वाटत होता. त्यानं एकाही पुस्तकाला हात न लावता, मांडी घालून, डोळे मिटून, बापाच्या एका बंद दारावरून हे शोधून काढलं होतं.

"हाय का न्हाई इमानी?" एलियाकाका हळूच म्हणाले. ते यंत्राबद्दल बोलत होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी लीनानं बिनकुडीचं यंत्र सुरू केलं. एकोणीस गाड्यांची वजनं पडद्यावरून वाचून काकांनी सांगितली, तिनं भरली, चिठ्ठ्या छापल्या. चारच्या आत रांग फाटकाच्या आत आली. सरपणवाला ट्रॅक्टरवाला चिठ्ठी घेताना म्हणाला, "बायकूला चूल आनू नको म्हनून फोन करतो." गव्हाण एक मिनिटही रिकामी राहिली नाही. संध्याकाळी आरती झाली आणि कानिफनाथनं स्वतःच्या हातानं जुन्या यंत्राचा दिवा विझवला.

बिघाड नोंदवहीत कारण लिहायचं असतं. लीना पेन घेऊन विचार करत बसली. खरं लिहावं, तर काकांची न काढलेली वायर येत होती, कानिफनाथचा हार येत होता, आणि एमडी साहेबांना भुताबद्दल बोलायला कायमचं निमित्त मिळत होतं. काकांनी वही आपल्याकडे ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि गोल, मिशनच्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं: 'वायर लूज होती. काढली.'

"काका, हे खरं नाही."

"त्यात खोटं काय हाय? काढायची हुती, काढली."

लीनाचं कंत्राट अकरा महिन्यांनी वाढलं. एलिया त्रिभुवन मेअखेर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला एमडी साहेब मुंबईला होते. जूनमध्ये जुनं यंत्र इतर भंगाराबरोबर श्रीरामपूरच्या एका टेम्पोत गेलं, आणि काटा कारकुनाची जागा भरलेली नाही.